अर्धा ‘र’

एसटीतून फाट्यावर उतरले, तर समोर हलगी वाजत होती.

मी मागे वळून पाहिलं. माझ्याबरोबर एक म्हातारी आणि तिच्या टोपलीतल्या दोन कोंबड्या उतरल्या होत्या. हलगी त्यांच्यासाठी वाजत असेल असं काही वाटेना.

फेटा बांधलेले एक उंच गृहस्थ पुढे आले. त्यांनी माझ्या पांढऱ्या कुडत्याकडे आणि खांद्यावरच्या पिशवीकडे पाहिलं आणि हात जोडले.

“आचार्य मागच्या गाडीनं येत्यात का?”

“कोण आचार्य?”

“त्येंच्या संगटच आलाय न्हवं तुम्ही?”

“नाही हो. मी पुण्याहून आलेय. शाळेत काम आहे, संगणकाचं.”

गृहस्थांनी मान डोलावली आणि मागे वळून गर्दीला सांगितलं, “फुडं धाडल्यालं मानूस हाय. यवस्था बघाय आल्यात. चला, घ्या ट्रॅक्टरात.”

केळीचे खुंट बांधलेल्या ट्रॉलीत, सतरंजीवर बसून मी हिंगणवाडीत शिरले. दोन बायका वाटेत पाया पडल्या. मी नको नको म्हणत होते, पण हलगीपुढे माझा आवाज कुणाला ऐकू जाणार?

मी खरोखरच संगणकाच्या कामासाठी आले होते. तेव्हा आम्ही सहा जण मिळून ‘पाटी’ नावाची एक संगणकप्रणाली सांभाळत होतो. यंत्र सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत जे सगळं चालवतं, ते पाटी. जुन्या, कचेऱ्यांनी टाकून दिलेल्या संगणकांवर ती चालायची, म्हणून शाळांना आवडायची. ती कुणाच्या मालकीची नव्हती. आतली प्रत्येक ओळ सगळ्यांना वाचायला खुली. ज्याला चूक दिसेल त्याने कळवायची, ज्याला जमेल त्याने दुरुस्त करायची, असा कारभार. पोटापाण्याच्या नोकऱ्या सांभाळून आम्ही हे करायचो. सहापैकी चौघांना मी कधी प्रत्यक्ष भेटलेही नव्हते. आमचा म्होरक्या जोजी कुरियन त्रिशूरला. नवी आवृत्ती कधी बाहेर काढायची ते तो ठरवायचा. पडद्यावर भारतीय लिप्या कशा दिसाव्यात हे काम माझ्याकडे होतं.

नवी आवृत्ती सोमवारी निघायची होती. तीनशे शाळांना पाठवायला तिच्या चकत्या, म्हणजे सीडी, तयार व्हायच्या होत्या. त्याआधी एखाद्या शाळेत ती चालवून पाहावी, म्हणून मी शनिवारी निघाले. हिंगणवाडीच्या शाळेत अकरा संगणकांवर पाटी होती. शिवाय मुख्याध्यापक खोत सरांनी कळवलं होतं, “आमच्या वसतिगृहाला त्याच दिवशी पंचवीस वर्षं होताहेत, कार्यक्रमालाच या.”

शाळेच्या फाटकावर रंगवलेलं कापड फडकत होतं. ‘आचार्यांचा भव्य सत्कार’. आत पटांगणात तीन-चारशे माणसं. झाडाखाली टाळ-मृदंग घेतलेलं भजनी मंडळ, ओळीने ओवाळणीची ताटं घेतलेल्या बाया.

फाटकात एक बाई उभ्या होत्या. पन्नाशीच्या, काटकोनात उभ्या, कडक इस्त्रीची सुती साडी. ट्रॉलीतून मी उडी मारली तशा त्या म्हणाल्या, “देवस्थळी ना तुम्ही? मी मगदूम. मराठी शिकवते. आत चला, कुणी आणखी पाया पडायच्या आत.”

“बाई, हे आचार्य कोण?”

“आचार्य कुठले! आमचा श्रीपती. वसतिगृहाचा आचारी. पंचवीस वर्षं मुलांना जेवू घातलं त्यानं. आज निवृत्त होतोय, म्हणून त्याचा सत्कार.”

“मग बाहेर ते…”

“चला म्हटलं ना.”

संगणकाच्या खोलीत नेऊन त्यांनी माझ्यासमोर निमंत्रणाचा कागद ठेवला. ‘दीपप्रज्वलन, स्वागतगीत, आचार्यांचा सत्कार, मनोगत, स्नेहभोजन.’

“आता हे बघा.” त्यांनी संगणक सुरू केला आणि सावकाश टंकलं: आ, चा, मग अर्धा र, मग यां, चा. बोटं बरोबर कळांवर पडत होती, मी पाहत होते. पडद्यावर उमटलं: ‘आचार्यांचा’.

“मी काय लिहिलं?”

“आचाऱ्यांचा.”

“आणि तुमच्या यंत्रानं काय लिहिलं?”

मी निमंत्रणाचा कागद पुन्हा उचलून वाचला.

“मराठीत अर्धा र दोन तऱ्हांनी लिहितात. ‘सूर्य’मधला पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. ‘दुसऱ्या’मधला कोयत्यासारखा आडवा पडतो. दोन्हींच्या कळा वेगळ्या, पण तुमची पाटी सगळे र उचलून डोक्यावर बसवते. स्वयंपाक्याचा गुरू झाला तो असा. मी दहा दिवस प्रशिक्षणाला कोल्हापुरात होते. एरवी मी प्रत्येक कागदावर लाल शाईनं हातानं दुरुस्त करते. या वेळी सरांनी हा कागद तसाच छापून पाच गावांत वाटला. रंगाऱ्यानं त्यावरून कापड रंगवलं. कुणी म्हणालं आचार्य काशीचे, कुणी म्हणालं आळंदीचे.”

“हे तुम्ही आम्हाला कळवायला हवं होतं, बाई. आम्ही लगेच…”

बाईंनी कपाट उघडून एक फाइल काढली. पहिल्याच पानावर त्यांचं पत्र होतं. इंटरनेटवरच्या आमच्या चुकांच्या नोंदवहीत लोक एका ओळीत लिहितात, हे चालत नाही, ते अडकतं. बाईंनी ‘महोदय, सा. न. वि. वि.’ पासून सुरुवात करून दोन पानं लिहिली होती. खाली उत्तर चिकटवलेलं होतं. ‘कळवल्याबद्दल आभार. हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे, कामात अडथळा येत नाही. सध्या हाती घेता येणार नाही.’ त्याखाली नाव: एम. देवस्थळी. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची.

मला ते उत्तर लिहिल्याचं आठवतही नव्हतं. त्या दिवशी मी अशी चाळीस उत्तरं लिहिली असतील.

तेवढ्यात खोत सर धावत आले. घामाने त्यांची टोपी भिजली होती.

“मगदूम बाई, आता काय करायचं? भजनी मंडळाचे ज्योतीराम अण्णा विचारतायत, आचार्यांची गाडी कुठवर आली? मी म्हणालो पोचतायत. आणि श्रीपती कोठीत जाऊन बसलाय, आतनं कडी लावून.”

आम्ही तिघं स्वयंपाकघराकडे गेलो. बाहेर आमटीचा मोठा हंडा चुलीवर उकळत होता आणि कोठीचं दार बंद होतं.

“श्रीपती, दार उघड,” बाई म्हणाल्या.

“न्हाई बाई. मगाशी एक म्हातारी हुडकत आली आन् म्हनली, आचार्य हितं हाईत का? मी म्हनलं, आचारी हितं हाय. तर तिनं माज्या पायावर डोस्कं ठेवलं! मला पाप लागंल. सत्कार नगं आन् फित्कार नगं.”

“सांगू या का, आचार्यांना बरं नाही म्हणून?” खोत सरांनी हळूच विचारलं.

“खोटं?” बाईंनी फक्त एवढंच म्हटलं आणि सर एक पाऊल मागे सरले.

“मी सांगते,” मी म्हणाले.

हे मी का म्हणाले, मला आजही नीट सांगता येत नाही. मी चारचौघांत बोलणारी बाई नव्हे. पाटीचं काम मला आवडायचं त्याचं एक कारण हेही होतं, की त्यात कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नसे. पण ती फाइल पाहिल्यावर कोठीमागे उभं राहणं शक्य नव्हतं.

व्यासपीठावर चढले तेव्हा टाळ थांबले. बायांनी पदर सावरले. मी ध्वनिक्षेपक हातात घेतला, तो किंचाळला, मग शांत झाला.

“आचार्य येणार नाहीत,” मी म्हणाले. “कारण कुणी आचार्य नव्हतेच. सत्कार आहे तो शाळेच्या आचाऱ्यांचा, श्रीपतीमामांचा. संगणकानं एक अक्षर चुकीचं छापलं. तो संगणक चालवणारी प्रणाली आम्ही बनवतो, आणि ते अक्षर माझ्याकडे होतं. मगदूम बाईंनी चौदा महिन्यांपूर्वी मला चूक दाखवली होती. मी ती केली नाही… म्हणजे दुरुस्त केली नाही. शाळेचा यात दोष नाही. माझा आहे. तुम्ही लांबून आलात, तुमची माफी मागते.”

लांब कुठेतरी रेडकू ओरडलं.

फाट्यावरचे ते फेटेवाले उठले. हेच ज्योतीराम अण्णा.

“म्हंजे आचार्य न्हाईतच?”

“नाहीत.”

“आमी बारा जन धा मैलांवरनं टाळ घिऊन आलो ते कुनासाठी?”

“श्रीपतीमामांसाठी.”

अण्णांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. मग म्हणाले, “जेवान हाय का पर?”

“आहे!” खोत सर मागून ओरडले.

“कुनी केलंय?”

“श्रीपतीनं!”

“मग आचार्य येऊन तरी काय करनार हुते? त्येंनी नुसतं बोलून दावलं असतं.”

पहिल्यांदा मागच्या रांगेतली पोरं हसली, मग बाया, मग सगळं पटांगण. त्या हसण्यातच एक दणकट माणूस उभा राहिला आणि म्हणाला, “मी या वसतिगृहात चार वर्षं होतो. तापानं फणफणलो तर श्रीपतीमामानं माझ्या उशाशी बसून पेज पाजली होती. आज मी तालुक्याला दवाखाना चालवतो. मामा कुठाय, त्याला बाहेर आणा.” मग आणखी एक उठला. मग एक पोलीस हवालदार बाई. मला वाटतं, निम्मं पटांगण कधी ना कधी श्रीपतीमामाच्या हातचं जेवलं होतं. फक्त आज आपण त्याच्यासाठी आलोय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

कोठीची कडी शेवटी बाईंनी काढायला लावली. काय बोलून, ते मला ऐकू आलं नाही. श्रीपतीमामा बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात पळी तशीच होती. अण्णांनी काशी-आळंदीच्या आचार्यांसाठी आणलेला झेंडूचा भलामोठा हार त्यांच्या गळ्यात घातला. हार गुडघ्यांपर्यंत आला. मृदंग घुमला, ओवाळणीची ताटं पुढे आली. डॉक्टरने वाकून पाय धरले, तेव्हा मात्र मामांनी पाय मागे ओढले नाहीत, नुसते त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

“मनोगत! मनोगत!” पोरं ओरडायला लागली.

मामांनी ध्वनिक्षेपकाकडे विंचवाकडे बघावं तसं पाहिलं. “मला बोलाय येत न्हाई,” ते म्हणाले. “आमटी निवाय लागल्या. बसा पंगतीला.”

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. दीडशे माणसांचा स्वयंपाक होता, पटांगणात चारशे होती.

त्यानंतरचे दोन तास सत्कारमूर्ती हार काढून खुंटीला अडकवून कामाला लागले. “आण्णा, तुमची बारा मानसं कांदा चिराय घाला. सर, गावात घरटी चार भाकरी सांगा. डाक्टर, तू पानी वड.” मला त्यांनी लसूण सोलायला बसवलं. भाकरी आल्या त्या टोपल्यांनी, ज्वारीच्या, बाजरीच्या, जाड, पातळ, एखादी करपलेली. आमटी दोनदा वाढवली, तरी झणझणीत होती. शेवटच्या पंगतीला मामा स्वतः बसले आणि बाईंनी त्यांना वाढलं.

तीन वाजता मी संगणकाच्या खोलीतून जोजीला फोन लावला. सोमवारची आवृत्ती थांबव, म्हणून सांगितलं.

“एका अक्षरासाठी? तीनशे शाळा वाट पाहताहेत.”

मी त्याला सगळी हकीकत सांगितली. तो इतका हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. पण हसून झाल्यावर म्हणाला, “मैथिली, पुढच्या आवृत्तीत घेऊ. सहा महिने फार नाहीत.”

बाईंनी हात पुढे केला. मी फोन दिला. त्यांची हिंदी अगदी शाळेच्या पुस्तकातली होती. “कुरियन जी, आपकी भाषा का एक अक्षर टूट जाए, तो आप छह महीने रुकेंगे?”

पुढे कधीतरी जोजीने मला सांगितलं, त्याच्या आईच्या नावातलं शेवटचं अक्षर कितीतरी दिवस संगणकावर मोडकं दिसायचं, आणि ती ते बोटाने झाकून बाकीचं नाव वाचायची. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, “आठ दिवस. आणि मराठीची तपासणी याच बाई करतील. त्यांनी होकार दिल्याशिवाय आवृत्ती निघणार नाही.”

मी बाईंच्या घरी राहिले. रविवारी सकाळी शाळेत बसून माझाच जुना कोड उघडला. चूक शोधायला वीस मिनिटं लागली. कळ कुठलीही असो, अर्धा र आणि पुढे कुठलंही अक्षर आलं की डोक्यावर बसवा, असा सरसकट नियम मीच लिहिला होता. लिहिताना मी हिंदीची उदाहरणं समोर ठेवली होती, कारण ती तयार मिळाली. मी स्वतः मराठी! दुरुस्तीला चार ओळी पुरल्या.

दुपारी बाईंना बोलावलं. त्यांनी ‘आचाऱ्यांचा’ टंकलं. अर्धा र आडवा पडला, कोयत्यासारखा, झोकात. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाईंनी पिशवीतून वही काढली. तीनशे बारा शब्द. वाऱ्यावर, दऱ्या, पायऱ्या, नोकऱ्या, कचेऱ्या, बिचाऱ्या. त्या एकेक टंकत गेल्या, मी बाजूला बसून राहिले. एकशे चाळिसाव्या शब्दाला थांबल्या.

“कऱ्हाड राहिलं की.”

पडद्यावर ‘कर्हाड’ होतं. आडव्या र ची कळ दाबून पुढे ‘य’ आला तरच तो आडवा पडावा, असं मी लिहिलं होतं. ‘ह’ विसरले होते. तऱ्हा, गऱ्हाणं, वऱ्हाड, सगळे तसेच.

“आख्खं वऱ्हाड सोडून निघाला होतात,” बाई म्हणाल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मंगळवारी सकाळी तीनशे बाराच्या तीनशे बारा शब्दांपुढे बरोबरची खूण झाली. बदल पाठवताना त्याबरोबर एक टीप लिहावी लागते: काय बदललं, कुणी बदललं, चूक कुणी दाखवली.

“बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा.”

“माझं नको.”

“तुम्हीच तर दाखवलीत.”

बाईंनी वही मिटली. “ती यंत्राची चूक आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं हो. छापलेल्यात मी नेहमीच असल्या चुका पाहते, लाल शाई मारते, विसरते. गेल्या वर्षी नववी ब ची चाचणी तपासत होते. सदतीसपैकी एकवीस मुलांनी ‘दुसऱ्या’ लिहिताना र डोक्यावर दिला होता. मी प्रत्येकाचा अर्धा गुण कापला. तर वर्गात ही सगळी उठून उभी राहिली. म्हणाली, ‘बाई, संगणकात तर असंच आहे. मग आमचं चूक कसं?’”

“मग?”

“मग काय? मी पंचवीस वर्षं फळ्यावर जे काढतेय ते एकीकडे आणि तो पडदा दुसरीकडे. पोरं पडद्याचं मानणार. आणखी दहा वर्षांनी हीच पोरं मास्तर होतील. तेव्हा लाल शाई मारायला कुणाला कळणार? त्या रात्री मी तुम्हाला पत्र लिहिलं.”

त्या पत्राला मी लिहिलेलं उत्तर मला आता शब्दन् शब्द आठवलं. फक्त दिसण्याचा प्रश्न आहे.

टिपेत मी लिहिलं, ‘चूक दाखवणारे: इयत्ता नववी ब’. जोजीने विचारलं, हे कोण? मी म्हणाले, सदतीस माणसं आहेत, नंतर सांगेन. पंधरा वर्षं झाली, ती टीप अजून तिथेच आहे, कुणालाही वाचता येते. बाईंनी पुढे निवृत्त होऊनही नऊ आवृत्त्या तपासल्या, त्यातल्या तीन थांबवल्या. आणि मी त्यानंतर एकाही पत्राला बसल्या जागी उत्तर दिलं नाही.

पण त्या मंगळवारी निघण्याआधी बाई म्हणाल्या, “एसटीला वेळ आहे. वर्गात येऊन जा.”

ती मुलं आता दहावीत होती. मला त्यांनी शनिवारी व्यासपीठावर पाहिलं होतं, त्यामुळे ओळख करून द्यायची गरज नव्हती. बाईंनी त्यांना सांगितलं, संगणक दुरुस्त झाला, तुमचं नाव लागलं. वर्गात आरडाओरडा झाला. मग खिडकीजवळची एक मुलगी उठली.

“बाई, मग आमचे अर्धे अर्धे गुण परत?”

“ते का? संगणक चुकला म्हणून तुमचं बरोबर होतं का?”

मुलगी बसली नाही. तिने माझ्याकडे बोट केलं. “मग यांचे किती कापले?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि खडू पुढे केला.

“आधी लिहून दाखवू दे. मग ठरवू.”

कितीतरी वर्षांत मी हाताने मराठी लिहिलं नव्हतं. सदतीस जोडी डोळ्यांसमोर मी ‘दुसऱ्या’ लिहिलं. ‘दु’ वाकडा आला, ‘स’ बरा, आणि अर्ध्या र शी येऊन हात थांबला. मग तो आडवा, जमेल तितका गोल काढला, आणि त्याला य जोडला.

बाईंनी चष्मा वर करून फळा पाहिला. वर्गाकडे वळून विचारलं, “बरोबर?”

“बरोबर!” खिडक्यांची तावदानं हादरली.

“बसा,” बाई मला म्हणाल्या, आणि मी खरोखरच जाऊन पहिल्या बाकावर त्या मुलीशेजारी बसले. एसटी चुकली ती चुकलीच.